रेवतीचे स्थळ : एक कालविषयक चिकित्सा

(व्याख्यानपीठ, तांब्याभांडे. व्याख्याता शाल सावरत येतो. चेहरा अत्यंत गंभीर.)

कालप्रवासाची कल्पना एच. जी. वेल्स यांच्या १८९५ सालच्या ‘द टाइम मशीन’ या कादंबरीपासून सुरू झाली, असा जो समज सुशिक्षितांत रूढ आहे, तो भागवताचा नववा स्कंध उघडताच गळून पडतो. कारण तेथे कुशस्थलीचा, म्हणजे पुढे जेथे द्वारका वसली त्या नगरीचा, राजा ककुद्मी यंत्रावाचून अकरा कोटी वर्षे पुढे गेलेला आढळतो, आणि तोही विज्ञानासाठी नव्हे, मुलीच्या लग्नासाठी.

कन्या रेवती हिच्यासाठी कोणते स्थळ निवडावे हे विचारण्यास राजा तिला घेऊन थेट ब्रह्मलोकी गेला आणि वधूवर सूचक मंडळाची नोंदणी फी वाचवली. परंतु ब्रह्मदेवासमोर तेव्हा गंधर्वांचे गायन चालू होते. मूळ ग्रंथात या प्रसंगी द्वारपाल नाही. तथापि जेथे साहेब तेथे शिपाई, या न्यायाने तो येथे गृहीत धरला आहे.

(नाकात, पान चघळत) “गाणं चाललंय. बसा.”

विष्णुपुराण या गायकांची नावे हाहा आणि हूहू अशी देते. (थांबतो.) घराणे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

चतुर्युग म्हणजे कृत, त्रेता, द्वापर व कली मिळून होणारी ४३,२०,००० मानवी वर्षे. गाणे संपेतो अशी २७ चतुर्युगे, म्हणजे ११,६६,४०,००० वर्षे, उलटली. मात्र ब्रह्मदेवाचा एक दिवस १,००० चतुर्युगांचा असल्याने, तो बारा तासांचा धरल्यास, मैफल साडेएकोणीस मिनिटेही भरत नाही. एवढ्या वेळात कोणता गवई तापतो? हाहांचा तानपुरा जुळेतो पृथ्वीवर डायनोसॉर नामशेष झाले, दख्खनचा लाव्हा थिजून सह्याद्रीचा काळा पाषाण झाला, विलंबित समेवर येईतो हिमालय उभा राहिला, आणि मागच्या रांगेतून कोणीतरी ओरडले, “वन्समोअर!”

(पान चघळत) “बसा हो. आत्ताशी षड्ज लागलाय.”

याहूनही मंद कालगती केवळ एका ठिकाणी नोंदवली गेली आहे, ती म्हणजे प्रस्तुत व्याख्यात्याचा प्रबंध ज्या विभागप्रमुखांच्या टेबलावर होता, त्या टेबलावर.

(पान चघळत) “साहेब मीटिंगमध्ये आहेत.”

हा द्वारपाल येथे अनावश्यक आहे, हे मान्य.

गाणे संपल्यावर राजाने मनात योजलेली नावे सांगितली, तेव्हा ब्रह्मदेव हसले आणि म्हणाले की ते वर, त्यांचे पुत्र, नातू, एवढेच काय त्यांची गोत्रेही आता कोणाच्या कानी पडत नाहीत. ज्या बापाने एकेक नाव पारखले होते, त्याला त्या क्षणी कळले की जावई तर गेलेच, पण ज्यांना विचारून लग्नाची तिथी ठरवायची ते भाऊही राहिले नाहीत. मागे उरली ती फक्त शेजारी उभी असलेली मुलगी, आणि हे सारे ऐकून ती काय म्हणाली याविषयी भागवतात एक ओळही नाही.

(दीर्घ शांतता. मग पान चघळत) “यादी इथंच ठेवा. रद्दी शनिवारी जाते.”

ब्रह्मदेवांनी बलरामाचे स्थळ सुचवले. रेवती जुन्या युगातली, म्हणून अतिशय उंच. विष्णुपुराणानुसार बलरामाने नांगराच्या टोकाने तिला खाली आणून त्या युगातील स्त्रियांएवढी केले. बायोडेटातील ‘उंची’ या रकान्याची एवढी तातडीची दुरुस्ती अन्यत्र आढळत नाही, आणि सत्ताविसावे नक्षत्र बुटके झाले याची ज्योतिषांनीही दखल घेतलेली नाही.

कन्यादान होताच ककुद्मी तपासाठी बदरिकाश्रमास निघून गेला, असे भागवत सांगते, पण या घाईचे कारण देत नाही. प्रस्तुत संशोधनाचा निष्कर्ष असा, की मंगलाष्टके कोणी म्हणावीत हा प्रश्न निघाला, वरपक्षाकडील एका हौशी आत्याबाईंनी घसा खाकरून वही काढली, त्या वहीची जाडी राजाने पाहिली, आणि

(पान चघळत) “बसा हो, राजेसाहेब, पहिलंच कडवं आहे!”

(व्याख्याता शाल टाकून विंगेत पळतो. अंधार.)