आधी आपण नको म्हणायचं

डिसेंबर उजाडला की सहारच्या विमानतळावर दोन तऱ्हेची कुटुंबं एकमेकांना ओलांडून जातात. एक आपलं. मुलुंडचं किंवा बोरिवलीचं, सिंगापूरला निघालेलं, बॅगेत मेतकूट आणि सुकी चटणी. दुसरं इटलीहून नाहीतर अमेरिकेहून नुकतं उतरलेलं. नवरा-बायको चाळिशीतली, हातात जाडजूड फाइल, आणि सामानात अंदाजाने घेतलेले लहान मुलाचे कपडे. मूल अजून ताब्यात यायचंय. आपलं कुटुंब फ्रिजवर लावायचे चुंबक घेऊन परततं. त्यांच्यात परतताना एक माणूस वाढलेलं असतं, कधीकधी दोन.

कागदपत्रं हातात पडेपर्यंत या मंडळींचा मुक्काम इथेच. मग ती अंधेरी पूर्वेच्या हॉटेलात राहतात, गेटवे बघतात, कान्हेरीची लेणी चढतात. गंमत म्हणजे सोबतचं मूलही हे सगळं पहिल्यांदाच बघत असतं. जन्म मुंबईचा, आणि समुद्र दाखवायला मिलानहून माणसं यावी लागली.

असं गोरं जोडपं आणि त्यांचं बोट धरलेली सात-आठ वर्षांची सावळी मुलगी घाटकोपरच्या मॉलमध्ये दिसली, की आपली नागरी जाणीव सरकत्या जिन्यावरच जागी होते. ‘‘पळवून तर नेत नाहीत ना?’’ एक काकू मोबाइल काढतात, दुसऱ्या मुलीला थेट हिंदीत विचारतात, ‘‘बेटा, ये कौन हैं?’’ काकूंची कळकळ खरी आहे. फक्त ती यायला फार उशीर झालाय. ही मुलगी या जोडप्याला मिळाली, कारण तिला आधी आपण नको म्हटलं. तेही रीतसर, मुदतीत आणि पोर्टलवर.

नियमच तसा आहे. दत्तकाचा सगळा कारभार बघणारी ‘कारा’ नावाची केंद्रीय संस्था आहे आणि तिच्या नियमांत पहिला मान देशी पालकांचा. अनिवासी भारतीयही त्याच पंगतीत. बालकल्याण समितीने मूल दत्तकासाठी मोकळं केलं की घड्याळ सुरू होतं. पाच वर्षांच्या आतलं धडधाकट मूल असेल तर आपल्याला 60 दिवस. पाचाच्या पुढचं असेल किंवा भावंडं असतील तर 30. शारीरिक-मानसिक व्यंग असेल तर 15. एवढ्या दिवसांत आपल्यापैकी कुणी हात पुढे केला नाही, तरच ते नाव परदेशी पालकांना दिसतं. म्हणजे परदेशात दत्तक जाणाऱ्या मुलाच्या फाइलमध्ये एक पान न लिहिलेलं असतं: सव्वाशे-दीडशे कोटींना विचारून झालं.

यावर लगेच उत्तर येतं, ‘‘अहो, पण आमच्याकडे तर रांग लागलीय!’’ लागलीय खरी. 30 हजारांहून अधिक पालक नोंदणी करून बसलेत आणि तीन-साडेतीन वर्षं वाट बघतात. त्यांची वाट बघणं खरं आहे, त्यातलं दुःखही खरं आहे, त्यावर टिंगल करणार नाही. पण रांग कशाची, ते विचारा. दोन वर्षांच्या आतलं, निरोगी, शक्यतो ‘आपल्यात मिसळून जाईल असं’ मूल हवं असणाऱ्यांची. या शेवटच्या अटीत रंग येतो. तो अर्जात लिहायची सोय नाही, म्हणून संस्थेतल्या ताईंना हळूच विचारतात.

पोर्टलवर मुलाचा फोटो आणि वैद्यकीय अहवाल येतो, तो घरोघरी स्थळ बघावं तसा बघितला जातो. आत्या झूम करून बघतात. मामा ओळखीच्या डॉक्टरला फॉरवर्ड करतात. आजी म्हणतात, जन्मवेळ दिलेली नाही, पत्रिका कशी मांडायची? देशातल्या पालकांना होकारासाठी 48 तास मिळतात, परदेशातल्यांना 96. आपल्याला दुप्पट दिले असते तरी फरक पडला नसता. नकाराला आपल्याला दोन तास पुरतात. एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. दत्तक घेताना आपल्याकडे मुलींना पसंती जास्त. पोटची नको, पण पोर्टलवरची चालते, असा हा सुधारलेला महाराष्ट्र.

आकडे सांगतो. 2024-25 मध्ये देशात 4,515 मुलं दत्तक गेली. त्यातली 4,155 देशातच राहिली. उरलेली 360 बाहेर. आकडा छोटा आहे, पण ही 360 बहुतेक कोण? मोठी झालेली, भावंडांसकट असलेली, एखादं ऑपरेशन झालेली किंवा व्हायची असलेली. भावंडांची ताटातूट नको म्हणून दोघांना एकदम घेणारं इटालियन जोडपं असतं. आपण दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये दुसऱ्या मुलाला जागा नाही म्हणतो आणि तिसऱ्या बेडरूमसाठी पुनर्विकासाची वाट बघतो.

आता आपल्याच परदेशी माणसांकडे वळू. न्यू जर्सीचे काका-काकू. तीन आठवड्यांची रजा, त्यात भाचीचं लग्न, सिद्धिविनायक, लोणावळा, दाताचं काम आणि शेवटच्या शुक्रवारी धाकट्या भावाचा मुलगा दत्तक घ्यायचा. बोरिवलीत भटजी येतात, होम होतो, मांडीवर मूल ठेवलं जातं, पेढे वाटले जातात. मग दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्राची नोंदणी. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यात होमाचीसुद्धा सक्ती नाही, द्यायचं आणि घ्यायचं एवढं पुरे. काका खूश. ‘‘बघ, आपल्याकडे सिस्टिम किती सोपी!’’ सोमवारी ते व्हिसाची चौकशी करतात आणि कळतं की अमेरिकेला होम समजत नाही, हेग समजतं.

हेग म्हणजे 1993 चा आंतरदेशीय दत्तकाचा करार. भारत त्यात 2003 मध्ये आला, अमेरिकेत तो 2008 मध्ये लागू झाला. सख्ख्या पुतण्यासाठीसुद्धा तिकडच्या समाजसेविकेने घरी येऊन अहवाल लिहायचा, तिकडच्या सरकारची परवानगी, इकडे काराचं ना-हरकत पत्र. काकांचा स्वाभिमान दुखावतो. ‘‘माझ्याच रक्ताच्या मुलाला घेऊन जायला माझं घर तपासणार?’’ हो काका, तपासणार. याच काकांनी लग्नाआधी मुलीकडच्यांचं घर, गाव आणि कर्ज तपासलं होतं, तेव्हा त्याला ‘माहिती काढणं’ म्हणाले होते.

ही तपासणी कुणा बाबूच्या डोक्यातून निघालेली नाही. एके काळी परदेशी पालकांना इथे यावंही लागत नसे. 1890 च्या पालकत्वाच्या कायद्याखाली कोर्टातून पालकत्व घ्यायचं आणि मूल कुणाबरोबर तरी विमानात बसवून द्यायचं. पलीकडच्या विमानतळावर नवे आईबाप फुगे घेऊन उभे. सामानाची पावती मिळते, तशी मुलाची मिळत असावी. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलाने या कारभाराबद्दल सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायमूर्ती भगवतींनी त्या पत्राचीच याचिका केली आणि 1984 मध्ये नियम घालून दिले. 1990 मध्ये कारा आली. आज पालकांनी स्वतः येऊन मूल ताब्यात घ्यायचं हा नियम आहे. त्यांची मुंबईची सुट्टी आपल्याला मौजेची वाटते. ती त्या पत्राची लांबची फलश्रुती आहे.

आणि कागद अर्धवट राहिला तर काय होतं? 1989 मध्ये मुंबईहून एक लहान मुलगी अमेरिकेत दत्तक गेली. तिच्या नागरिकत्वाचा अर्ज कुणी पूर्णच केला नाही. 2001 पासून अमेरिकेने अशा मुलांना आपोआप नागरिकत्व दिलं, पण अठराच्या आतल्यांनाच. ही तोवर मोठी झालेली. 2008 मध्ये तिला ‘मायदेशी’ परत धाडलं. नवरा आणि दोन मुलं तिकडे, आणि ही अशा शहरात, जिथली भाषा तिला येत नव्हती. त्यामुळे कुणी ‘एवढे कागद कशाला?’ म्हणालं की मी गप्प बसतो.

कागद राहू देत, ही मुलं जवळ असूनही आपल्याला दिसत नाहीत. अंधेरीचंच बघा. वीरा देसाई रोडवर सेंट कॅथरिन्स होम आहे. त्याच्यामुळे जर्मनीतल्या बॉनमध्ये 1967 पासून ‘अंधेरी-हिल्फे’ नावाची मदतसंस्था आहे. तिथल्या रोझी गोलमान इकडे आल्या, अनाथालय बघितलं आणि परत जाऊन संस्था उभी केली. बॉनमधल्या माणसाला अंधेरी हे नाव अनाथ मुलांमुळे माहीत झालं. अंधेरीतल्या माणसाला वीरा देसाई रोड माहीत आहे तो ट्रॅफिकमुळे. तिकडे मुलुंड-घाटकोपरच्या मधोमध, कांजूरमार्गला, अनाथ मुलं सांभाळणारा वात्सल्य ट्रस्ट आहे. त्याच्या परिसरातून रोज जाणाऱ्या कितीजणांना तो माहीत आहे, हे विचारायची सोय नाही. लोकलच्या दारात उभं राहून कुणी उत्तर देत नाही.

आपण हक्क सांगायला मात्र पुढे असतो, मूल मोठं आणि प्रसिद्ध झाल्यावर. 1979 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात एक मुलगी जन्मली आणि ससून रुग्णालयाच्या आवारातल्या ‘श्रीवत्स’ अनाथालयात पोहोचली. मुंबईत जन्मलेले हरेन स्थळेकर आणि त्यांची इंग्रज बायको सू तेव्हा परदेशातून इकडे आले होते. एक भारतीय मुलगी त्यांनी आधीच घेतली होती. त्यांनी हीही घेतली. ती लिसा स्थळेकर, ऑस्ट्रेलियाच्या महिला क्रिकेट संघाची माजी कर्णधार. 17 फेब्रुवारी 2013 ला मुंबईच्या ब्रेबॉर्नवर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला शेवटचा झेल तिनेच घेतला. तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर ती ‘आपली पुण्याची लेक’. दर काही महिन्यांनी ती कथा गुड मॉर्निंगच्या फुलांसकट येते, शेवटी ‘शेअर करा’. शेअर करणाऱ्यांत दत्तकाच्या प्रश्नावर ‘आमच्याकडे चालत नाही’ म्हणणारेही असतात.

उलट दिशेचे प्रवासीही येतात. चाळिशीचा, नाव स्वीडिश, चेहरा आपल्या गिरगावकर भाच्याचा, मराठीचा एक शब्द येत नाही. सुट्टी काढून आलेला, हातात 1980 च्या आसपासचा टंकलिखित कागद आणि त्यावर मुंबईतला पत्ता. त्याला आई शोधायची असते. नियमाप्रमाणे हा शोध त्याने स्वतः कारामार्फत घ्यायचा, त्याच्या वतीने तिसऱ्या कुणी नाही, आणि आईची संमती असेल तरच माहिती. नियम योग्यच आहे. ती बाई आज कुठल्यातरी सोसायटीत सत्यनारायणाला बसत असेल आणि घरी कुणाला काही माहीत नसेल. मात्र तो लहान असताना त्याला कुणी इथेच ठेवून घेतलं असतं, तर तो आज पत्त्याऐवजी पार्किंग शोधत असता.

परदेशी गेलेल्या मुलाचे दोन वर्षांत सहा अहवाल भारतात येतात. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी सहामाही. वजन, उंची, शाळा, रात्री नीट झोपतं का. इथे राहिलेल्याचं काय? जे मूल मुदतीत आपण घेतलं नाही आणि नंतर तिकडच्यांनीही घेतलं नाही, ते इथेच वाढतं, अठरा वर्षांचं होतं आणि बालगृहातून बाहेर पडतं. 2018 मध्ये महाराष्ट्राने अशांना शिक्षणात आणि सरकारी नोकरीत एक टक्का आरक्षण दिलं, त्यासाठी अमृता करवंदे या मुलीला मुख्यमंत्र्यांपर्यंत धडक मारावी लागली. निर्णय चांगलाच आहे. फक्त अर्जासोबत महिला व बालविकास विभागाचं अनाथ प्रमाणपत्र जोडावं लागतं. आपलं कुणी नाही, हे त्या मुलाने कागदपत्रांनिशी सिद्ध करायचं.