तूप पाहून अध्यक्ष

दोंडाईच्यात पक्षाच्या शहराध्यक्षपदासाठी तिघे भाऊ इच्छुक आहेत. पक्ष कोणता, ते विचारू नये. ज्याला जो आठवेल, तो त्याचा. तिघांच्या गुणांची तुलना आम्ही अगदी निःपक्षपणे केली. म्हणजे तिन्ही पंगतींना जेवलो.

पहिल्या भाऊंनी वरण-बट्टी दिली. दुसऱ्यांनीही वरण-बट्टीच. तिसरे तरुण, ‘बदल हवा’वाले, त्यांनी वरण-बट्टी मळ्यात दिली. तेव्हा धोरणातला फरक तुपात शोधणं आलं.

पहिल्यांची बट्टी तुपात खरपूस तळलेली, बोटाने दाबली की तूप वर यायचं. माणूस जुना, पण दिलदार. दुसऱ्यांची तेलात तळलेली, वरून चमचाभर तूप दाखवलेलं. याचा अर्थ वरची ओळख पक्की, कार्यकर्त्यावर खर्च कशाला? तिसऱ्यांच्या वाढप्याला सक्त ताकीद होती, की फोटो निघेपर्यंत धार सोडायची आणि फोटो निघाला की आवरायची. फोटोत मात्र ताटात तूप मावत नव्हतं.

मग निरीक्षक आले. विश्रामगृहात एकेकाला आत बोलावून त्यांनी ‘मत जाणून घेतलं’. खिशात पाकीट होतं, आधीच चिकटवलेलं, कोपऱ्यावर वरणाचा पिवळा डाग. साहेबही निःपक्षपणे जेवले होते. पाकिटातून एक अध्यक्ष निघाला आणि दोन कार्याध्यक्ष. तिघांनी एकमेकांना पेढे भरवले.

यात बेकायदा काही नाही, हीच तर चीड आहे. 1951 च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातल्या 29अ कलमाखाली पक्षाची नोंदणी होते. तेव्हा लोकशाहीवर निष्ठा असल्याचं लिहून द्यावं लागतं. ती लोकशाही स्वतःच्या घरात पाळा, पदाधिकारी मतदानाने निवडा, असं त्या कलमात कुठेही नाही. त्यामुळे प्रकाशा-बुराई योजनेचं पाणी कधी येणार, हे तिघांपैकी एकालाही कुणी विचारलं नाही. कशाला विचारतील? मतच द्यायचं नाही, तर प्रश्न कशाला! आणि गावाबाहेरच्या पथारीवर दिवसभर मिरचीचे देठ खुडणाऱ्या, रात्री बोटांची आग होते म्हणून पाण्यात हात बुडवून बसणाऱ्या बाया? त्यांची नावं तिन्ही भाऊंच्या सदस्य-यादीत आहेत, पावत्यांचे पैसे भाऊंनीच भरलेत. पंगतीला त्यातली एकही नव्हती. अहो, जिचं नाव मोजून तुम्ही अध्यक्ष झालात, तिला मत नाही तर नाही, निदान बट्टी तरी वाढायची होती!