जुलमी मालक : एक निव्वळ कल्पित पात्र
मराठी चित्रपटाने व ग्रामीण कादंबरीने जुलमी मालकाला जो चेहरा दिला, त्याबद्दल समाजाने ऋणी राहावयास हवे. कारण ‘सामना’मधील निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील पाहिल्यावर, मालक जुलमी असेल तर तो लगेच ओळखू येईल, अशी प्रेक्षकांची खात्री पटते. शहापूर तालुक्यातील आणि शेजारच्या मुरबाडमधील कातकरी कुटुंबे पावसाळा सरल्यावर उचल, म्हणजे हंगामाआधी अंगावर घेतलेली आगाऊ रक्कम, घेऊन वीटभट्टीवर जातात, आणि मृग जवळ आला की मालकाच्या वहीतून असा हिशेब निघतो की पोराबाळांसह विटा थापूनही बाकी उरतेच. मात्र या मालकाला मिशीही नसते, तो ‘दादा’ म्हणून गोड बोलतो, सबब त्यास जुलमी म्हणणे कलेच्या कसोटीवर टिकत नाही. शिवाय वेठबिगारी, म्हणजे कर्जापोटी राबवून घेण्याची पद्धत, १९७६च्या कायद्याने संपुष्टात आलेली असल्याने जे उरले ते कल्पितच ठरते, आणि कल्पित पात्रांना किमान वेतन लागू होत नाही. बाकी मात्र पुढल्या हंगामात खरीच धरली जाते.