पास झाली म्हणजे नक्की काय झालं?

"वहिनी, पोरगी पास झाली म्हणे! पेढे कुठायत?"

पलीकडच्या काकू तारेच्या कुंपणापाशी उभ्या होत्या, हातात दोरीवरून काढलेली चादर. रायपूरजवळच्या सिलतऱ्यात कपडे वाळत घालायच्या आधी दोरी पुसून घ्यायची आणि काढल्यावर कपडे झटकायचे, हा नेम आहे. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची काळी भुकटी सुट्टी घेत नाही. काकूंनी चादर झटकली, ती माझ्याच दिशेनं, आणि पुन्हा विचारलं, "डेप्युटी कलेक्टर होऊन राहिली ना?"

"काकू, प्रीलिम्स निघाली फक्त."

"मग? यादीत नंबर आला म्हणजे पासच ना!"

आता हे कितव्यांदा समजावायचं? पण काकूंना सांगितलं की साऱ्या लाइनीला सांगितल्यासारखं होतं, म्हणून नीटच सांगायला घेतलं. छत्तीसगडच्या पीएससीची राज्य सेवा परीक्षा म्हणजे तीन परीक्षा. आधी प्रीलिम्स, एकाच दिवशी दोन पेपर, दोन-दोन तासांचे, प्रत्येकी शंभर प्रश्न, दोनशे मार्क. चुकलं की एक-तृतीयांश कापतात. त्यात कितीही मार्क पडले तरी ते पुढे मोजतच नाहीत. नुसती गर्दी पांगवायची परीक्षा आहे ती. 2023 च्या भरतीत जागा होत्या 242. जागांच्या पंधरापट लोक मुख्य परीक्षेला घेतात, म्हणजे साडेतीन हजारांच्या आसपास. मग तिपटीला मुलाखतीचं बोलावणं. मुख्य परीक्षा आणि मुलाखत यांची बेरीज होते आणि त्यावरून ठरतं कोण डेप्युटी कलेक्टर, कोण डीएसपी, कोण नायब तहसीलदार आणि कोण पुन्हा घरी.

"म्हणजे आत्ता ती काहीच झाली नाही?"

"काहीच नाही."

काकूंचा चेहरा पडला. त्यांनी बहुतेक कुणाकुणाला सांगून ठेवलं होतं.

"पण बाप्पा, वेळ किती लावतात! गेल्या दिवाळीपासून ऐकून राहिली मी."

वेळ लागतोच. जाहिरात बहुतेक 26 नोव्हेंबरला येते, संविधान दिनाला. फेब्रुवारीत प्रीलिम्स, मग मुख्य, चार दिवसांत सात पेपर, तेही रायपूरच्या उकाड्यात. 2023 च्या जाहिरातीचा शेवटचा निकाल लागायला 2024 चा नोव्हेंबर उजाडला. तोवर पुढच्या वर्षीची जाहिरात आलेली असते, आणि निवड न झालेली पोरं निकालाचं दुःख करत बसण्याऐवजी फॉर्म भरायला बसतात. मला तर वाटतं, ही तारीख मुद्दाम जुळवली असावी!

काकूंचा पुतण्या पुण्यात सदाशिव पेठेत एमपीएससी करतोय, त्यामुळे त्यांना तिकडचं सगळं तोंडपाठ. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे आता फार बदललं. आधी मुख्य परीक्षेत पर्याय असायचे, गोल काळे करायचे. आता लिहायचं. नऊ पेपर म्हणे."

बरोबर आहे त्यांचं. महाराष्ट्राने यूपीएससीच्या धर्तीवर वर्णनात्मक पद्धत आणली, आणि ती लगेच लागू करू नका म्हणून 2023 मध्ये पुण्यात पोरं रस्त्यावर उतरली. मग ती 2025 पासून लागू करायचं ठरलं. 1750 मार्कांचं लेखी, 275 ची मुलाखत, त्यात वैकल्पिक विषयाचे दोन पेपर. इथे वैकल्पिक विषय नाही. सात पेपर, प्रत्येकी दोनशे. भाषा, निबंध आणि सामान्य अध्ययनाचे पाच. तत्त्वज्ञानापासून खेळांच्या स्पर्धांपर्यंत काहीही. उत्तरपत्रिकेत जागा आखून दिलेली, कुठे 30 शब्द, कुठे 60, कुठे 100. आमची पोरगी बोलायला लागली की थांबत नाही, पण अकबराचं महसूल धोरण तीस शब्दांत बसवायला शिकली आहे. घरातही तशीच उत्तरं देते हल्ली. जेवलीस का विचारलं तर दोन शब्द.

"आणि ते छत्तीसगढी पण असतं म्हणे?"

असतं तर! प्रीलिम्सच्या पहिल्या पेपरात शंभरातले पन्नास प्रश्न एकट्या छत्तीसगडवर. दुसरा पेपर नुसता पास व्हायचा, खुल्या गटाला तेहतीस टक्के, पण त्यात हिंदीबरोबर छत्तीसगढी भाषाही आहे. शिवाय मुख्य परीक्षेच्या भाषेच्या पेपरात हिंदी, इंग्रजी आणि छत्तीसगढी एकत्र. हीरालाल काव्योपाध्यायांनी 1885 मध्ये छत्तीसगढीचं व्याकरण लिहिलं, ग्रियर्सनने 1890 मध्ये त्याचं इंग्रजी केलं, हे आमच्याकडे आता देव्हाऱ्यावरच्या घंटीइतकं नेमाने ऐकू येतं. हाना म्हणजे म्हणी आणि जनउला म्हणजे कोडी, त्यांची वही वेगळी. भाजीवाल्या दाईकडून ती रोज एक हाना उकळते. दाई त्या बदल्यात कोथिंबीर फुकट द्यायची बंद झाली आहे, कारण गप्पांत तिचा अर्धा तास जातो.

खरी गंमत मराठ्यांच्या प्रकरणात झाली. इतिहासाच्या अभ्यासक्रमात 'मराठा शासन' असा भाग आहे. नागपूरच्या भोसल्यांचे बिंबाजी 1787 पर्यंत रतनपूरला होते, तिथलं रामटेकरीचं मंदिर त्यांचंच. दसऱ्याला सोनं वाटायची रीतही इकडे त्यांनीच आणली, असं इथली पुस्तकं सांगतात. त्यांच्यानंतर सुभेदार आले, आणि सुभ्यांचा कारभार म्हणजे सारा वसूल करून नागपूरला पाठवणं, एवढंच पुस्तकं लिहितात. 1818 मध्ये इंग्रज आले आणि कर्नल अ‍ॅग्न्यूने राजधानी रतनपूरहून रायपूरला हलवली.

आमच्या ह्यांचं माहेर म्हणा, गाव म्हणा, नागपूरचा महाल. भोसल्यांच्या वाड्याच्या सावलीत वाढलेला माणूस. सुभ्यांची पद्धत शोषणाची होती हे वाचून ताटावरून उठले. पोरीला म्हणाले, "आपल्या माणसांबद्दल असं लिहायचं नाही."

पोरगी म्हणाली, "बाबा, पेपर तपासणारा रतनपूरचा निघाला तर?"

दोन दिवस घरात भोसलेशाहीवरून अबोला. शेवटी तिनं उत्तर लिहून दाखवलं. मंदिर बिंबाजींच्या खात्यात, वसुली सुभ्यांच्या. शंभर शब्दांत बसलं. हे चष्मा लावून वाचत राहिले आणि म्हणाले, "ठीक आहे, पण बिंबाजींना दोन ओळी जास्त दे." माझ्या मते पोरगी बरोबर आहे. ज्या गावात भाजी घेतो, त्या गावाच्या बाजूनेही वाचायला हवं.

माधवराव सप्र्यांवर मात्र बापलेकीत वाद नाही. पेंड्र्याहून 1900 मध्ये 'छत्तीसगढ मित्र' काढलं, टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत आणलं. त्यांच्यावर प्रश्न आला की घरात सगळ्यांची मान ताठ.

"पण वहिनी," काकूंनी आवाज खाली आणला, "ते 2021 च्या भरतीचं काय झालं? नातेवाइकांना घेतलं म्हणून?"

"सीबीआयकडे गेलंय, 2024 मध्ये गुन्हा नोंदवला. आरोप आहेत, निकाल कोर्ट देईल." मी यापुढे गेले नाही. पोरगी खिडकीत बसलेली असते आणि तिला ऐकू जातं. रात्री दीड-दीडपर्यंत वाचणाऱ्या मुलीच्या कानावर तेवढंच पडू नये, एवढंच मला वाटतं.

काकू समजल्या. विषय बदलायचा म्हणून त्यांनी पदराला हात पुसले आणि मूळ मुद्द्यावर आल्या. भिलाईचं एक स्थळ आहे. मुलगा चांगला, घर चांगलं, आईवडील गोंदियाकडचे.

"मुलगा काय करतो?"

"पीएससी."

"निघाली का प्रीलिम्स?"

काकूंनी चादरीची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "पहिला पेपर झकास गेला होता म्हणे. दुसऱ्यात तेहतीस टक्के नाही पडले. छत्तीसगढी येत नाही ना त्याला."

खिडकीतून आवाज आला, "काकू, त्याला दाईचा नंबर द्या!"