राखणदाराला आत सोडू नका

बंगळुरातल्या पीण्या या कारखान्यांच्या वस्तीत पितळेच्या किसालाही भाव असतो. त्यामुळे आमच्या शेडमधून किसाचं भरलेलं पोतं नाहीसं झालं तेव्हा मालकांनी लेथ थांबवली नाही, पण चहा थांबवला. "कॅमेऱ्यात बघा की," एवढंच म्हणाले.

मालक बेळगावचे. दारातला तुमकूर रस्ता बेळगाव, कोल्हापूर करत पुण्यालाच जातो. तेव्हा इथे मराठी कानावर पडण्यात नवल नाही. चोर मात्र कुठल्याच भाषेत सापडेना.

रेकॉर्डिंग साठवणारा डबा बिनपडद्याचा. त्याच्या पोटातलं बघायचं तर ऑफिसातल्या संगणकावर, ब्राउझरमधून. फायरफॉक्समध्ये डब्याचा पत्ता टाकला, पासवर्ड टाकला, बटण दाबलं. ढिम्म! मालकांच्या पुतण्याने 'सेफ्टीसाठी' नोस्क्रिप्ट बसवून ठेवलं होतं. जोर्जो माओने या इटालियन गृहस्थाने २००५ साली आणलेलं हे एक्स्टेंशन ओळख पटेपर्यंत पानावरचं जावास्क्रिप्ट, व्हिडिओ, प्लगइन, कशालाच हलू देत नाही. म्हणजे दिवसपाळीचा राखणदार रात्रपाळीच्या राखणदाराला गेटवर अडवून विचारत होता, "आपण कोण? कुणाकडे काम आहे?"

त्याला समजावलं, परवानगी दिली. मग कॅमेऱ्याच्या जागी एक काळा चौकोन आला आणि त्यात 'प्लगइन डाउनलोड करा'. केलं. फाइल उतरली न उतरली तोच अँटिव्हायरसने ती गिळली आणि वर 'तुमचा संगणक सुरक्षित आहे' अशी हिरवी पावती दिली.

तासावर पैसे घेणारा संगणकवाला आला. "सर, प्लगइनचा जमाना गेला," तो डॉक्टरी आवाजात म्हणाला. खरंच होतं ते. प्लगइन म्हणजे ब्राउझरमध्ये बसून अख्ख्या संगणकाच्या किल्ल्या वापरणारा प्रोग्राम. चोरांनी ही खिडकी इतकी वापरली की क्रोमने सप्टेंबर २०१५ मध्ये जुने प्लगइन हाकलले, फायरफॉक्सने मार्च २०१७ मध्ये. एकट्या फ्लॅशला सवलत मिळाली, पण ३१ डिसेंबर २०२० नंतर खुद्द अडोबीनेच त्याच्यावरचा हात काढला. दक्षिण आफ्रिकेच्या कर खात्याचे काही फॉर्म तेव्हा फ्लॅशमध्येच अडकलेले. त्यांनी फॉर्म बदलण्याआधी फ्लॅश चालवणारा स्वतःचा ब्राउझरच काढला! सरकारी खातं कुठलंही असो, माणसं आपलीच वाटतात.

आमच्या डब्याला तर इंटरनेट एक्सप्लोररच हवा होता, आणि तो १५ जून २०२२ लाच निवृत्त झालेला. एज ब्राउझरमध्ये त्याचं भूत 'आयई मोड' या नावाने अजून राहतं. संगणकवाल्याने ते जागं केलं आणि डब्याबरोबर आलेलं माहितीपत्रक उघडलं. सुरक्षेची पातळी सगळ्यात खाली आणा. ऍक्टिव्हएक्सचं जे जे दिसेल ते चालू करा. अँटिव्हायरस बंद करा. चोर बघायला आधी सगळी दारं सताड उघडायची, असा एकूण प्रकार.

गेटवरचा राखणदार मागे उभा राहून बघत होता. "स्वल्प अॅडजस्ट माडी, सर," त्याने 'जरा सांभाळून घ्या' अशी ब्राउझरची समजूत घातली. बंगळुरात या वाक्यावर बसमधली जागा मिळते, घरभाडं कमी होतं, लग्नंही जमत असतील. ब्राउझरला कन्नड येत नसावं.

शेवटी चित्र उमटलं, पण पोत्याची रात्र गायब! डिस्क भरली की डबा सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवं लिहितो. आमची खटपट संपेपर्यंत त्याने ते काम चोख उरकलं होतं. शिल्लक होतं ते ऑफिसातल्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग: संगणकवाला टेबलावर वाकलेला, पुतण्या त्याच्यावर वाकलेला, मी पुतण्यावर. मध्ये वीज जाऊन डब्याचं घड्याळ मागे गेलेलं, त्यामुळे कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०००.

संगणकवाल्याने बिल पुढे केलं. मालकांनी चष्मा वर केला, पडद्याचा तो कोपरा नीट वाचला आणि बिल परत सरकवलं.

"दोन हजार सालातलं काम हाय न्हवं? दर बी तेवाचाच लाव की."