टाकी भरतच नाही म्हणे!

काय गो, कढीपत्ता तोडतेयस? तोड, तोड, माझ्या बाजूला वाकलेली डहाळी पण घे. आणि जरा गडग्याशी ये, ओरडून बोलण्यासारखी गोष्ट नाही. तुझे थोरले दीर आहेत का घरात? मुंबईला गेले? बरं झालं, मग सांगते.

काल संध्याकाळी हौसेनं बोलावून बंगला दाखवला त्यांनी मला. राहणार किती, तर मे महिन्यात पंधरा दिवस आणि गणपतीत आठ. असो, पैसे त्यांचे, हौस त्यांची. मी आपलं जाता जाता विचारलं, संडासाची टाकी कुठे घेताय? तर मागच्या बाजूला आखणी दाखवली आणि म्हणाले, "काकी, आमचा गवंडी एकदम पक्का आहे. वरच्या वाडीत त्यानं बांधलेली टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. भरतच नाही!"

माझ्या पोटात गोळाच आला.

हसतेस काय? अगो, पाच माणसांचं रोज त्या टाकीत जातंय आणि ती वीस वर्षं भरत नाही, तर जातं कुठे ते? तळाला काँक्रीट नाही, भिंतींना आतून गिलावा नाही, नुसते चिरे रचून वर स्लॅब ठोकायचा, याला तो टाकी म्हणतो. आपला जांभा कसा, सगळा भोकाभोकांचा. त्यात पाणी मुरत बसत नाही, वाट मिळेल तिकडे पळतं. आणि तुझ्या दिरांच्या आखणीपासून माझी विहीर वीस फुटांवर आहे. मी पावलं टाकून बघितलीच, त्यांना वाटलं म्हातारी बाग बघतेय.

टाकी म्हणजे काय ते सांगू तुला? लोणी कढवतेस ना, तेव्हा बेरी तळाला बसते, वर फेस येतो आणि मधे तूप राहतं. टाकीतही तेच, जड ते खाली, तेलकट-हलकं ते वर, आणि मधलं पाणी तेवढं पुढे शोषखड्ड्यात जायला हवं. तोंड वाकडं करू नकोस गो, उपमा दिली म्हणून तूप सोडतेस की काय! म्हणून तर आत मधे भिंत घालून दोन कप्पे करतात आणि पाइपांना टी लावतात, म्हणजे वरचा थर आणि खालचा गाळ पुढे सरकत नाही. तळातला गाळ जंतू खातात, पण सगळा नाही. उरतो तो साठत जातो आणि दोन-तीन वर्षांनी उपसावाच लागतो. चांगल्या टाकीचं लक्षणच ते, की ती भरते.

त्यात तुझे दीर म्हणे बारा बाय आठची बांधणार, मोठी असली की काळजी नाही! आमच्या मुलानं मला सरकारी मानकाचा कागद दाखवलाय. पाच माणसांना दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि आत मीटरभर पाणी, एवढीशी टाकी पुरते. वर फूटभर मोकळी जागा. लांबी रुंदीच्या दुप्पट ते चौपट ठेवायची, म्हणजे पाणी संथ सरकतं आणि गाळाला बसायला वेळ मिळतो. हौद बांधून कोणाला पोहायला शिकवायचंय? आणि त्याच कागदात लिहिलंय, पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा निदान १८ मीटर लांब हवा. म्हणजे साठ फूट. वीस कुठे आणि साठ कुठे!

मी आख्खी नोकरी आरोग्य उपकेंद्रात काढली, मला विहिरींचं सांगू नये कोणी. ती काळी होणारी बाटली माहीत आहे ना? छोट्या बाटलीत विहिरीचं पाणी खुणेपर्यंत भरायचं आणि फळीवर ठेवून द्यायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाणी काळं झालं, की समजायचं पाण्यात नको ते उतरलंय. वरच्या वाडीतली विहीर आठवते मला. सकाळी कपाट उघडलं तर बाटली शाईसारखी काळीकुट्ट! जलसुरक्षक बिचारा टीसीएल घालून घालून थकला, पावडर संपली की बाटली परत काळी. टाकी कोणाची ते सांगायला नको, तीच ती वीस वर्षं न भरलेली. पोरं जुलाबांनी हैराण, आणि मालक चारचौघांत टाकीचं कौतुक सांगतोय.

अजून एक बघ. वर्षभर बंगला बंद, आणि गणपतीत माणसं किती येणार? तुझे दीर, त्यांचे मेव्हणे, ऑफिसातली मंडळी, पंचवीसला मरण नाही. भाद्रपदात जमीन कशी असते? पाणी पिऊन तट्ट. शोषखड्डा शोषणार काय, कपाळ! खालच्या वाडीत गेल्या गौरीजेवणाला काय झालं ऐकलंस ना? पंगत बसलेली आणि संडासातून गुडगुड आवाज. पाहुणी बाई जी बाहेर आली ती साडी सावरत थेट पऱ्याकडे. यजमानांनी अ‍ॅसिडच्या बाटल्या ओतल्या. ओता! जे जंतू गाळ खातात तेच मारून टाकायचे. गूळ, यीस्ट, शेण घाला असंही कोणी कोणी सांगतं. काही लागत नाही, जंतू आपले आपण येतात, आपण फक्त त्यांना मारायचं नाही. न्हाणीचं सांडपाणी मात्र टाकीत सोडू नये, ते माडांना, केळींना द्यावं. एवढी साधी गोष्ट, पण तुझ्या दिरांना केळी दिसत नाहीत.

उपसायचं म्हणशील, तर आपल्या पाखाडीवरून टँकर उतरेल का? पाइप लांब असला तरी वरच्या रस्त्यावरून इथवर पोचेल का, हे आधी विचारायला नको? नाहीतर मग काय करतात माहीत आहे ना, कोणातरी गरिबाला पाचशे रुपये देऊन आत उतरवतात. ते मात्र या गावात मी होऊ देणार नाही. २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे त्याला. माणूस गेला तर भरपाई दहा लाखांची होती, ती सुप्रीम कोर्टानं २०२३ मध्ये तीस लाख केली. पण पैशांनी माणूस येतो का परत? टाकीतला गॅस दुष्ट असतो गो. आधी सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि फार झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो. उतरणाऱ्याला वाटतं गॅस गेला. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. आणि मेणबत्ती लावून बघणारे शहाणे तर वेगळेच, आतला दुसरा वायू पेट घेतो.

वाईला माझी बहीण आहे. तिकडे नगरपालिका दर तीन वर्षांनी टाकी आपणहून उपसते, पाळी लावून. सिन्नरलाही तसंच. टँकर येतो, उपसतो आणि गाळ नेतो प्रक्रिया केंद्रात. आपल्याकडे टँकर कुठे रिकामा होतो ते विचारू नकोस, रात्री घाटात वास येतो तेवढं पुरे.

खरी गंमत तर पुढे आहे. आपल्या वाडीत १२,००० रुपयांच्या अनुदानातून झालेली ती छोटी शौचालयं बघ. दोन खड्डे, मधे वाय आकाराचं चेंबर, एका तोंडाला वीट लावून बंद. एक भरला की वीट काढून दुसऱ्या तोंडाला लावायची आणि भरलेला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. मग उघडला तर आत कोरडं, काळं, भुसभुशीत सोनखत. आणि ग्रामसेवकानं उभं राहून ते खड्डे विहिरींपासून लांब, उताराला घ्यायला लावले. लाखांच्या बंगल्याला जे सुचलं नाही ते बारा हजारांत झालं!

हां, आणि टाकीचा तो उभा गॅसपाइप. त्याच्या तोंडाला जाळी बांधायची. नोकरीत असताना घरोघर सांगत हिंडायचो आम्ही. क्युलेक्स डासाला असलंच घाण पाणी लागतं, आणि हत्तीरोग तोच पसरवतो. पाइपला जाळी नसली की टाकीतले डास संध्याकाळी तिथून फवाऱ्यासारखे बाहेर.

तर तू एक कर. नवऱ्याकडून सांगव, तुझे दीर धाकट्या भावाचं ऐकतात. माझं नाव घेऊ नकोस, म्हातारीला विहिरीचा गर्व झालाय म्हणतील. अजून नुसती आखणीच झालीय, खड्डा खणायचाय. शोषखड्डा पलीकडे आंब्याच्या खाली, उताराला घ्या म्हणावं, पाइपाचे चार तुकडे जास्त लागतील एवढंच. तळाला काँक्रीट आणि आतून गिलावा झाला की पाणी भरून रात्रभर ठेवायचं, सकाळी पातळी उतरली तर गवंड्याचा हिशोब चुकता करायचा नाही. आणि टाकीच्या ढाप्यावर इटालियन टाइल्स बसवायच्या नाहीत. परवा बंदरावरच्या बंगल्यात टँकर दारात उभा आणि घरचे काठीनं अंगण ठोकत ढापा शोधतायत! शेवटी वीस टाइल्स फोडल्या. टँकरवाल्यानं खोळंब्याचे पैसे वेगळे घेतले, आणि मी असते तर मीही घेतले असते.