मातीच्या भिंतीला मेडल, आपल्या स्लॅबला घाम!

सिनेमाला पुरस्कार ठीक, नाटकाला ठीक, सारंगखेड्याच्या यात्रेत देखण्या घोड्यांचं कौतुक होतं तेही समजू शकतं. पण आता घरांना पुरस्कार? भिंतीला मानपत्र, जिन्याला टाळ्या आणि एका खिडकीवर परीक्षकांचे तीन-तीन परिच्छेद? जे. के. सिमेंटवाले १९९० पासून 'आर्किटेक्ट ऑफ द इयर' निवडतायत. १९१७ सालची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स आपले राष्ट्रीय पुरस्कार वेगळे वाटते. त्यात सिमेंटवाल्यांच्या यादीत हरित वास्तुकलेचाही मान आहे! एका हातानं सिमेंट विकायचं आणि दुसऱ्या हातानं कमी सिमेंट वापरणाऱ्याची पाठ थोपटायची, याला म्हणतात मोठं मन.

बरं, हे लोण मुंबई-पुण्यात राहिलं असतं तर कोण बोलणार होतं? पण निकाल लागला की फोटो नंदुरबारच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हजर. लगेच सुरू: "हा कोर्टयार्ड बघा", "ही जाळी बघा", "हा प्रकाश-सावलीचा खेळ बघा". काय भो, आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. तेव्हा प्रकाश तेवढा खेळतो, सावली सुट्टीवर असते. तरी आपण फोटो बोटांनी मोठा करून बघतोच ना? आणि गुपचूप सेव्हही करतो. कोण नाही करत?

या पुरस्कारांनी काय काय उलटंपालटं केलं म्हणून सांगावं! पूर्वी घराला प्लास्टर नसलं की गल्ली हळहळायची, "बिचाऱ्याचे पैसे संपले वाटतं." आता तेच घर 'एक्स्पोज्ड ब्रिक' झालं. रंग न दिलेला स्लॅब म्हणजे 'रॉ टेक्स्चर'. अर्धवट राहिलेला जिना म्हणजे 'अवकाशाशी संवाद'. नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणणारे गेले. आता अंगण मुद्दाम वाकडं करतात आणि त्याचे गुणही मिळतात. आणि १९७२ च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टनं नोंदणीशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवायची मनाई केली असली, तरी चहाच्या टपरीवर बसून दुसऱ्याच्या एलिव्हेशनला नावं ठेवायला कुठली नोंदणी लागते?

आणि ते पुरस्कारवाले फोटो! त्या घरांत माणसंच राहत नाहीत का हो? दारात चपला नाहीत, दोरीवर लुगडं नाही, कोपऱ्यात गॅसची टाकी नाही, गच्चीवर मिरची नाही. नंदुरबारात गावाबाहेर मिरचीच्या लालभडक पथाऱ्या पसरतात, त्यांच्यासाठी जागा ठेवणाऱ्या घराला मेडल कधी मिळणार?

पण खरी धमाल पुढेच आहे. २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार, म्हणजे या धंद्यातला सगळ्यात मोठा मान, पहिल्यांदा भारतीयाला मिळाला. पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी. वय नव्वद! एक लाख डॉलर आणि ब्राँझचं पदक. त्यांच्या नावावर काय? काचेचे मनोरे? छे! आपल्या शेजारच्या इंदूरची अरण्य वसाहत. कमी उत्पन्नवाल्यांना जोतं आणि संडास-मोरी बांधून द्यायची, पुढचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. ऐंशी हजारांवर माणसं सामावतील अशी वस्ती. आणि त्यांचं अहमदाबादचं ऑफिस 'संगथ'? अर्धं जमिनीत पुरलेलं, वर फुटक्या चिनी मातीच्या तुकड्यांचं पांघरूण. अहो, गच्ची तापू नये म्हणून असे तुकडे आपल्याकडचे गवंडीही बसवतात. त्यांना कुणी कधी बोलावलं का स्टेजवर?

मग २०२२ मध्ये आणखी कहर. बुर्किना फासोचे फ्रान्सिस केरे प्रित्झकर घेऊन गेले. कशावर? गावच्या लोकांना हाताशी धरून मातीच्या विटांची शाळा बांधण्यापासून सुरुवात केली म्हणून! माती! जगातला सगळ्यात मोठा पुरस्कार मातीला! हे ऐकून धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर काय म्हणाले असतील? बांबूच्या कुडाच्या भिंती, वर शेणमातीचा लेप, कौलांचं नाहीतर गवताचं छप्पर, आणि डोंगरउतारावर शेताजवळ मोकळं एकेक घर. सातपुड्यात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. ना परीक्षक, ना प्रवेशिका. पिकतं तिथं विकत नाही, दुसरं काय?

आणि आपण काय केलं? कुड पाडला आणि स्लॅब टाकला. खान्देशातली धाब्याची घरंही तशीच गेली. जाडजूड मातीच्या भिंती आणि मातीचंच छत असलेली, उन्हाळ्यात आत गेलं की जिवाला बरं वाटायचं अशी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या घरकुलाला २०१६ साली ठरलेली रक्कम सपाट भागात १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. स्वयंपाकघर धरून किमान २५ चौरस मीटर. पक्कं घर हवंच. पावसात गळणाऱ्या छपराखाली, विंचू-सापांच्या संगतीत कुणी का राहावं? दर वर्षी कुड लिंपायचा, छप्पर शाकारायचं, ते कष्ट कुणाचे? पुरस्कारवाले कुडाचे गोडवे गातात ते एसी लावलेल्या हॉलमध्ये बसून, हे विसरू नका. फोटोंचं म्हणाल तर घरकुलवाले कुठं मागे आहेत? पायापासून छपरापर्यंत टप्प्याटप्प्यानं जिओटॅग फोटो काढल्याशिवाय हप्ता सुटत नाही. फरक एवढाच, की त्या फोटोत माणूस लागतोच.

आता बाटलेल्यांची यादी घ्या. काल ज्यांनी वाडवडिलांचे सागवानी खांब भंगाराच्या भावात काढले, ते आज 'अँटिक पिलर' शोधत सुरत-इंदूरचे बाजार पालथे घालतायत. ज्यांनी अंगणात फरशी ठोकली, ते एका भिंतीला गेरू फासून तिला 'ट्रायबल वॉल' म्हणतायत. खाली स्टाइल, वर पीओपी आणि मध्ये हाताएवढा कुड, तोही फेविकॉलनं चिकटवलेला! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. हसू नका. तुमच्याही हॉलमध्ये टोपलीचा लॅम्पशेड लटकतोय, आम्हाला माहीत आहे.

तेव्हा आमचं म्हणणं साधं आहे. पुरस्कार द्या, खुशाल द्या, आपण टाळ्या वाजवू. पण परीक्षकांना आधी मे महिन्यात भर दुपारी, लाइट गेलेले असताना, एक तास स्लॅबच्या घरकुलात आणि एक तास कुडाच्या घरात बसवा. मग कुठल्या घराला किती गुण ते त्यांचं त्यांना कळेल. आणि त्याच रकमेत, त्याच २५ चौरस मीटरात, न गळणारं पण न तापणारं, पुढं ओटा आणि गच्चीवर मिरचीला जागा असलेलं घर जो कुणी बांधून दाखवेल, त्याला आपण नंदुरबारच्या लाल मिरचीचं अख्खं पोतं देऊ. मानपत्र भिंतीवर धूळ खातं. मिरची निदान वर्षभर आठवण तरी करून देईल!